स्वतंत्र संचालकाला काढायचं कसं? वाडिया प्रकरणातले तीन आकडे

२१ डिसेंबर २०१६ ला टाटा स्टील, २२ ला टाटा मोटर्स, २३ ला टाटा केमिकल्स. तीन दिवसांत तीन विशेष सर्वसाधारण सभा झाल्या आणि तिन्हींसमोर एकच विषय होता: स्वतंत्र संचालक नस्ली वाडिया यांना संचालकपदावरून दूर करायचं की नाही. टाटा स्टीलमध्ये ठरावाच्या बाजूने ९०.८० टक्के मतं पडली, टाटा मोटर्समध्ये ७१.२० आणि टाटा केमिकल्समध्ये ७५.६७. ठराव साधा होता. झालेल्या मतदानात विरोधापेक्षा एक मत जास्त मिळालं तरी तो मंजूर. तिन्ही ठिकाणी वाडिया गेले.

बातमी म्हणून हे प्रकरण, टाटा सन्सने अध्यक्ष सायरस मिस्त्री यांना काढल्यावर पेटलेल्या टाटा विरुद्ध मिस्त्री या मोठ्या भांडणाचं शेपूट ठरलं आणि विसरलं गेलं. स्वतंत्र संचालक म्हणजे नेमकं काय, त्याला पैसे किती मिळतात, तो कोणाला जबाबदार असतो आणि त्याची खुर्ची कोणाच्या हातात असते, हे समजून घ्यायला मात्र आपल्याकडे याइतकं चांगलं प्रकरण दुसरं नाही. घोटाळा झालेल्या कंपन्यांत ‘संचालक झोपले होते’ एवढ्यावर चर्चा संपते. इथे घोटाळा नव्हता, संचालक जागा होता आणि प्रश्न वेगळाच होता.

माणूस कोण होता

वाडिया तेव्हा ७२ वर्षांचे. बॉम्बे डाईंग आणि ब्रिटानिया या कंपन्या चालवणाऱ्या घराण्याचे प्रमुख, म्हणजे स्वतःच प्रवर्तक (कंपनीवर ताबा असलेला मालक). टाटा स्टीलच्या मंडळावर ते १९७९ मध्ये आले, टाटा केमिकल्समध्ये १९८१ मध्ये आणि आताच्या टाटा मोटर्समध्ये १९९८ मध्ये. जे. आर. डी. टाटांच्या काळात आलेला माणूस २०१६ मध्ये, ३७ वर्षांनंतरही, ‘स्वतंत्र’ म्हणून बसलेला होता.

हे कसं चाललं? २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १४९ मध्ये स्वतंत्र संचालकाला पाच-पाच वर्षांच्या सलग दोनच मुदती मिळतात आणि नंतर तीन वर्षं बाहेर बसावं लागतं. पण हा कायदा १ एप्रिल २०१४ पासून लागू झाला आणि त्याआधीची वर्षं मोजायची नाहीत असं त्यातच लिहिलेलं आहे. त्यामुळे देशभरच्या जुन्या संचालकांचं घड्याळ त्या दिवशी शून्यावर आलं. पंधरा, वीस, तीस वर्षं बसलेली माणसं नव्याने ‘पहिल्या मुदतीचे’ स्वतंत्र संचालक झाली. वाडियाही त्यांतलेच. हा ‘पहिली मुदत’ शब्द पुढे कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

कायद्याची स्वातंत्र्याची चाचणी बरीचशी हिशेबाची आहे. प्रवर्तक किंवा त्याचा नातेवाईक नको. मागच्या तीन आर्थिक वर्षांत कंपनीचा नोकर नको, तिच्या ऑडिट फर्मचा भागीदार नको. नातेवाइकांसह दोन टक्के किंवा जास्त मताधिकार हाती नको. मानधन सोडून कंपनीशी ठरावीक मर्यादेपलीकडे पैशाचा व्यवहार नको. दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या बैठकीत ‘मी या अटींत बसतो’ असं लेखी द्यायचं. या चाचणीत मैत्री मोजत नाहीत, वैरही मोजत नाहीत. ३७ वर्षांची ओळख म्हणजे जवळीक की तटस्थ राहण्याची ताकद, याचं उत्तर कुठल्याही फॉर्मात भरता येत नाही. आमच्या मते इतक्या वर्षांनंतर ‘स्वतंत्र’ ही पाटी लावणंच चूक होतं. पण ती पाटी लावण्यात प्रवर्तकांचाही हात होता आणि २०१४ मध्ये त्यांना ती खटकली नव्हती.

पैसे किती आणि कुठून

स्वतंत्र संचालकाला पगार नसतो. मिळकतीचे दोन झरे असतात, बैठक भत्ता आणि कमिशन.

बैठक भत्ता कायद्याने एका बैठकीला जास्तीत जास्त एक लाख रुपये. मंडळाची बैठक वेगळी, लेखापरीक्षण समितीची वेगळी, नामनिर्देशन व मानधन समितीची वेगळी. वर्षात मंडळाच्या सहा आणि समित्यांच्या आठ बैठका धरल्या आणि कंपनी पूर्ण दर देत असेल, तर १४ लाख होतात. बऱ्याच मध्यम कंपन्या बैठकीला वीस-तीस हजारच देतात. यावर १० टक्के टीडीएस कापला जातो आणि १८ टक्के जीएसटी उलट आकारणीने, म्हणजे संचालकाऐवजी कंपनीने, स्वतः भरायचा असतो. लहान कंपन्यांत हा जीएसटी भरायचा राहून जातो आणि दोन-तीन वर्षांनी व्याजासकट नोटीस येते.

खरी रक्कम कमिशनची. कंपनीला व्यवस्थापकीय किंवा पूर्णवेळ संचालक असेल, तर बाकी सगळ्या बिगर-कार्यकारी संचालकांना मिळून निव्वळ नफ्याच्या एक टक्क्यापर्यंत कमिशन देता येतं. हा नफा वार्षिक अहवालात छापलेला नव्हे, कलम १९८ प्रमाणे वेगळा काढलेला. असा नफा ५०० कोटी असेल तर सगळ्यांत मिळून पाच कोटींची मर्यादा. ती कोणाला किती, हे मंडळ ठरवतं. उपस्थिती आणि समितीचं अध्यक्षपद यांवर गुण लावण्याची पद्धत आहे. शेअर ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क, मात्र स्वतंत्र संचालकाला देता येत नाहीत.

नफाच नसेल तर? टाटा मोटर्सचंच उदाहरण घ्या. २०१४-१५ मध्ये एकट्या टाटा मोटर्सचा, म्हणजे जग्वार लँड रोव्हर वगळून, तोटा सुमारे ४,७३९ कोटींचा होता. समूह म्हणून नफा, पण कायदा एकट्या कंपनीचा हिशेब पाहतो आणि शून्याचा एक टक्का शून्यच. संकटातल्या कंपनीत काम सगळ्यांत जास्त आणि मोबदला सगळ्यांत कमी, असा हा उलटा न्याय होता. मार्च २०२१ पासून तो थोडा सुधारला. नफा नसला तरी कायद्याच्या परिशिष्ट ५ मधल्या मर्यादेत मानधन देता येतं: प्रभावी भांडवल (भागभांडवल, राखीव निधी वगैरे धरून कायद्याच्या रीतीने काढलेला आकडा) पाच कोटींच्या आत असेल तर वर्षाला १२ लाख, पाच ते शंभर कोटींत १७ लाख, शंभर ते अडीचशे कोटींत २४ लाख, त्यावर २४ लाख अधिक अडीचशे कोटींवरच्या रकमेच्या ०.०१ टक्का.

मानधनाचा आणि स्वातंत्र्याचा संबंध लोक लावतात तितका सरळ नाही. वाडियांसारख्या उद्योगपतीला वर्षाचे काही लाख मिळाले काय, न मिळाले काय. निवृत्त अधिकारी किंवा प्राध्यापक चार कंपन्यांवर असेल आणि घरखर्चाचा मोठा भाग या कमिशनवर चालत असेल, तर ‘या ठरावाला माझा विरोध आहे, इतिवृत्तात नोंदवा’ हे वाक्य जिभेवर यायला वेळ लागतो. उलट, पैशाची गरज नसलेल्या माणसाला स्वतःचे हिशेब चुकते करायचे असू शकतात. दोन्ही धोके खरे आहेत. कायदा फक्त पहिल्याकडे पाहतो.

ऑक्टोबर ते डिसेंबर

२४ ऑक्टोबर २०१६ रोजी टाटा सन्सच्या मंडळाने सायरस मिस्त्री यांना अध्यक्षपदावरून दूर केलं. टाटा सन्स ही मालक कंपनी. पण मिस्त्री टाटा स्टील, टाटा मोटर्स, टाटा केमिकल्स, इंडियन हॉटेल्स अशा शेअर बाजारात सूचिबद्ध कंपन्यांचेही अध्यक्ष होते, आणि तिथून त्यांना काढायचं तर त्या-त्या कंपनीच्या मंडळाने किंवा भागधारकांनी काढायला हवं. पेच इथे पडला.

४ नोव्हेंबरला इंडियन हॉटेल्सच्या स्वतंत्र संचालकांनी मिस्त्रींना पाठिंबा जाहीर केला. १० नोव्हेंबरला टाटा केमिकल्सची बैठक झाली. तिथेही स्वतंत्र संचालकांनी एकमताने अध्यक्ष आणि व्यवस्थापन यांच्यावर विश्वास असल्याचं निवेदन काढलं. वाडिया त्यांत पुढे होते. त्याच मंडळावरचे टाटा समूहाचे भास्कर भट यांनी त्या दिवशी राजीनामा दिला. टाटा मोटर्सच्या स्वतंत्र संचालकांनी काढलेलं निवेदन जास्त सावध होतं: निर्णय मंडळाने एकमताने घेतले आणि अध्यक्ष व व्यवस्थापनाने ते अमलात आणले, एवढंच त्यात होतं. आणि २५ नोव्हेंबरला टाटा स्टीलच्या मंडळाने बहुमताने मिस्त्रींच्या जागी ओ. पी. भट्ट यांना अंतरिम अध्यक्ष केलं. भट्ट हे स्टेट बँकेचे माजी अध्यक्ष आणि तेही स्वतंत्र संचालकच. एकाच टेबलावर एकाच कायद्याखाली बसलेले दोन स्वतंत्र संचालक विरुद्ध बाजूंना गेले आणि त्यात बेकायदा काहीच नव्हतं. ‘स्वतंत्र संचालकांची भूमिका’ अशी एकच भूमिका असते हा समज इथेच सोडून द्यावा.

टाटा सन्सने नोव्हेंबरमध्येच या कंपन्यांना विशेष सूचना देऊन मिस्त्री आणि वाडिया दोघांना काढण्यासाठी सभा बोलवायला सांगितलं. वाडियांवरचा आक्षेप असा की ते मिस्त्रींशी संगनमताने वागत आहेत, इतर स्वतंत्र संचालकांना चिथावत आहेत आणि कंपनीच्या हिताविरुद्ध काम करत आहेत. वाडियांचं म्हणणं असं की आपण स्वतंत्र बुद्धीने वागलो, नॅनो गाडीतला तोटा आणि टाटा स्टीलने २००७ मध्ये केलेली कोरस या पोलाद कंपनीची खरेदी यांवर प्रश्न विचारले, म्हणून ही कारवाई. १९ डिसेंबरला मिस्त्रींनी उरलेल्या सूचिबद्ध कंपन्यांच्या मंडळांचे राजीनामे दिले. त्या आठवड्याच्या सभांत मग वाडियांचाच ठराव उरला.

निवेदनाबद्दल एक कडू गोष्ट सांगायला हवी. कायद्याचं परिशिष्ट ४ स्वतंत्र संचालकाला सांगतं की व्यवस्थापन आणि भागधारक यांच्या हितात संघर्ष झाला तर संपूर्ण कंपनीचं हित पाहून मध्यस्थी कर आणि छोट्या भागधारकांचं हित जप. ‘विश्वास आहे’ एवढं म्हणणं मध्यस्थी होत नाही, तो कौल झाला. प्रवर्तकाने अध्यक्ष बदलायचा म्हटला, तर छोट्या भागधारकाला कळायला हवं ते हे: भांडवली खर्चाचं काय होणार, कर्ज देणाऱ्यांचे करार अध्यक्षबदलाशी बांधलेले आहेत का, संबंधित कंपन्यांशी चालू असलेले व्यवहार कोणते. यांची उत्तरं देणारी दोन पानं बाजाराला मिळाली असती तर डिसेंबरची मतं अधिक जाणतेपणाने पडली असती.

काढण्याची यंत्रणा

संचालकाला काढण्याचा रस्ता कलम १६९ मध्ये आहे आणि तो बाहेरून वाटतो तितका लांब नाही.

सभेची मागणी करायला मताधिकार असलेल्या भांडवलाच्या दहा टक्के भाग पुरतात. मागणी आली की मंडळाने २१ दिवसांत सभा बोलवायची आणि मागणीच्या तारखेपासून ४५ दिवसांच्या आत ती व्हायला हवी. मंडळाने चालढकल केली तर मागणी करणारे स्वतःच तीन महिन्यांत सभा घेऊ शकतात. काढण्याच्या ठरावाला ‘विशेष सूचना’ लागते, ती सभेच्या किमान १४ दिवस आधी कंपनीकडे पोचली पाहिजे. इथे नवखे लोक घोळ करतात: विशेष सूचना म्हणजे विशेष ठराव नव्हे. सूचना विशेष, पण ठराव साधाच.

सूचना आल्यावर कंपनीने तिची प्रत ताबडतोब त्या संचालकाला द्यायची. त्याला दोन हक्क मिळतात. एक, ‘वाजवी लांबीचं’ लेखी निवेदन देऊन ते सगळ्या भागधारकांना पाठवायला सांगण्याचा. दोन, सभेत बोलण्याचा. निवेदन उशिरा आलं किंवा कंपनीने पाठवलं नाही, तर ते सभेत वाचून दाखवायला लावता येतं. मजकूर बदनामीकारक असून प्रसिद्धीसाठी हक्काचा गैरवापर होतोय असं वाटलं, तर कंपनी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाऊन ते थांबवू शकते.

यातली व्यवहारातली खाच अशी की मतदान सभेत होतच नाही म्हटलं तरी चालेल. ई-मतदान किमान तीन दिवस खुलं असतं आणि सभेच्या आदल्या संध्याकाळी पाच वाजता बंद होतं. मोठे फंड आपली मतं आधीच टाकून मोकळे झालेले असतात. संचालकाचं सभेतलं भाषण ऐकतात ते समोरच्या खुर्च्यांतले काही शे भागधारक, ज्यांच्या हाती मिळून एक टक्काही मतं नसतात. म्हणून निवेदन ई-मतदान सुरू होण्याच्या किमान दहा दिवस आधी लोकांच्या हाती पडलं नाही, तर ते कितीही धारदार असलं तरी वाया जातं. वाडियांनी भागधारकांना सविस्तर लिहिलं, तरी लढाई मुख्यत्वे वर्तमानपत्रांतूनच झाली.

आणि कारण? ठरावाला कारण सिद्ध करावं लागत नाही. डिसेंबर १९८५ मध्ये आयुर्विमा महामंडळ विरुद्ध एस्कॉर्ट्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की भागधारकाला सभा बोलवून संचालक बदलण्याचा हक्क आहे आणि त्यामागची कारणं सांगायला तो बांधील नाही. त्या प्रकरणात महामंडळाला एस्कॉर्ट्सच्या मंडळावरच्या नऊ बिगर-कार्यकारी संचालकांना काढायचं होतं. ‘स्वतंत्र संचालक’ ही कल्पना आपल्या कायद्यात नंतर आली. पण काढण्याच्या बाबतीत २०१६ पर्यंत त्याला इतर संचालकांपेक्षा वेगळं संरक्षण नव्हतं.

७१.२० चा अर्थ

आता आकड्यांकडे. या तिन्ही कंपन्यांत टाटा सन्स आणि समूहातल्या कंपन्यांचा वाटा साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे तीस ते तेहतीस टक्के होता. आणि या ठरावावर प्रवर्तकालाही मत देता येतं.

एक ढोबळ गणित करू. समजा एखाद्या कंपनीचे शंभर भाग आहेत. प्रवर्तकाकडे ३३, जनतेकडे ६७. प्रवर्तक सगळे ३३ मतं टाकतो. जनतेपैकी साधारण निम्मे, ३३ भाग मतदानाला येतात. एकूण मतं ६६. ठरावाला ७१.२० टक्के मिळाले म्हणजे ४७ मतं बाजूने. त्यातून प्रवर्तकाचे ३३ वजा केले की उरतात १४. म्हणजे जनतेच्या ३३ मतांपैकी १४ बाजूने आणि १९ विरुद्ध. ठराव दणदणीत मंजूर, पण बाहेरच्या मतदारांपैकी सत्तावन्न टक्क्यांहून जास्त विरोधात! हे टाटा मोटर्सचं प्रत्यक्ष वर्गीकरण नव्हे. मतदानाची टक्केवारी बदलली की उत्तर बदलतं. पण कुठलाही निकाल वाचायची रीत हीच. सूचिबद्ध कंपनीला मतांचा तक्ता शेअर बाजाराला द्यावाच लागतो आणि त्यात तीन ओळी असतात: प्रवर्तक, संस्थात्मक गुंतवणूकदार, इतर जनता. पहिली ओळ झाकून उरलेल्या दोन वाचायच्या. मथळ्यातला टक्का त्यानंतर.

हेच गणित टाटा स्टीलच्या ९०.८० ला लावलं तर चित्र पालटतं. तिथे बाहेरच्यांचा मोठा भाग प्रवर्तकाबरोबर गेल्याशिवाय इतका आकडा येणंच शक्य नव्हतं. ‘प्रवर्तकाने बळजबरीने काढलं’ असं तिन्ही सभांबद्दल सरसकट म्हणणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांआड केला. त्याच माणसाला, त्याच आठवड्यात, त्याच आरोपांवर वेगवेगळ्या कंपन्यांच्या भागधारकांनी वेगळं तोललं.

नंतर नियम काय बदलले

२१ फेब्रुवारी २०१८ रोजी केंद्र सरकारने एक आदेश काढला: दुसऱ्या मुदतीसाठी पुन्हा नेमलेल्या स्वतंत्र संचालकाला फक्त विशेष ठरावानेच काढता येईल. विशेष ठरावाला बाजूची मतं विरोधाच्या किमान तिप्पट लागतात. तर्क साधा होता. दुसऱ्यांदा नेमताना विशेष ठराव लागतो, मग काढताना साधा का? वाडिया प्रकरणावरचा उतारा म्हणून हा आदेश अनेकांनी गौरवला. आणि इथे ती ‘पहिली मुदत’ परत येते: वाडियांची मुदत कायद्याच्या हिशेबात पहिलीच होती. हा आदेश २०१६ मध्ये असता तरी त्यांना उपयोग शून्य.

मार्च २०२१ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, चर्चेसाठी मसुदा ठेवला त्यात दुहेरी मंजुरीची सूचना होती: नेमताना आणि काढताना सगळ्या भागधारकांचं बहुमत, शिवाय प्रवर्तक वगळून उरलेल्यांचंही बहुमत. उद्योगांनी जोरदार विरोध केला. जूनमध्ये सेबीच्या मंडळाने ती सूचना सोडून मधला रस्ता काढला. १ जानेवारी २०२२ पासून सूचिबद्ध कंपनीत स्वतंत्र संचालकाची नेमणूक, पुनर्नेमणूक आणि काढणं, तिन्हींना विशेष ठराव लागतो. मुदत पहिली असो वा दुसरी.

हा नियम २०१६ च्या आकड्यांना लावून पाहा. टाटा स्टील, ९०.८० विरुद्ध ९.२०: मंजूर. टाटा केमिकल्स, ७५.६७ विरुद्ध २४.३३, प्रमाण तीनला थोडं वर: जेमतेम मंजूर. टाटा मोटर्स, ७१.२० विरुद्ध २८.८०, प्रमाण अडीचलाही पोचत नाही: ठराव फेटाळला. वाडिया टाटा मोटर्सच्या मंडळावर राहिले असते.

विशेष ठरावाचं दुसरं टोकही आहे. पंचवीस टक्क्यांहून थोडी जास्त मतं एकवटली की नेमणूकही अडते, आणि अडवणारा प्रत्येक वेळी सद्हेतूनेच अडवतो असं नाही. म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये सेबीने पर्यायी वाट दिली. विशेष ठराव पडला, पण एकूण मतांत बाजूची मतं जास्त असली आणि प्रवर्तक वगळून उरलेल्या जनतेतही बाजूची मतं जास्त असली, तर नेमणूक झाली असं धरायचं. या वाटेने आलेल्या संचालकाला काढतानाही हीच दुहेरी कसोटी. म्हणजे २०२१ मध्ये टाकून दिलेली कल्पना मागच्या दाराने आत आली.

कंपनी सेक्रेटरींनी इथे एक चूक टाळावी. काढण्याचा प्रस्ताव आला की कायद्याचं कलम १६९ उघडून ‘पहिली मुदत, साधा ठराव’ असं लिहून सूचना छापली जाते. सूचिबद्ध कंपनीला सेबीचे नियम वरून लागतात; ते न पाहता सभा घेतली तर सगळं पुन्हा करावं लागेल. असूचीबद्ध कंपनीत मात्र २०१८ चाच आदेश चालतो, तिथे पहिल्या मुदतीचा संचालक अजूनही साध्या ठरावाने जातो. काढल्यावर रिकामी जागा तीन महिन्यांत भरायची असते, आणि काढलेल्या माणसाला मंडळ त्याच जागेवर परत बसवू शकत नाही.

खुर्चीवर बसणाऱ्यासाठी

या जागेसाठी आज मानेसरच्या भारतीय कॉर्पोरेट व्यवहार संस्थेच्या विदापेढीत (डेटा बँकेत) नाव नोंदवावं लागतं आणि सूट नसेल तर दोन वर्षांत ऑनलाइन चाचणी पार करावी लागते, उत्तीर्णतेला ५० टक्के. ते सोपं आहे. अवघड ते पुढचं. कलम १४९ प्रमाणे स्वतंत्र संचालक जबाबदार ठरतो तो मंडळाच्या कामकाजातून त्याला माहीत झालेल्या, त्याच्या संमतीने किंवा दुर्लक्षाने झालेल्या गोष्टींसाठी. म्हणजे त्याचा बचाव आणि त्याच्यावरचा आरोप, दोन्ही एकाच कागदावर असतात: इतिवृत्तावर. बैठकीनंतर १५ दिवसांत मसुदा येतो, हरकत नोंदवायला सात दिवस मिळतात आणि ३० दिवसांत तो वहीत जातो. विरोध तोंडी केला आणि मसुदा न वाचता सोडून दिला, तर वहीत ‘सर्वानुमते’ लिहिलेलं राहतं. नेमणुकीच्या पत्राबरोबर संचालकांच्या दायित्व विम्याची पॉलिसी मागून घ्यावी आणि कंपनीनेच संचालकावर दावा लावला तर ती चालते का, एवढं एक कलम वाचावं.

आणि भांडण पेटल्यावर राजीनामा द्यायचा असेल, तर ‘व्यक्तिगत कारण’ लिहून सुटका होत नाही. सूचिबद्ध कंपनीला सात दिवसांत सविस्तर कारण बाजाराला कळवावं लागतं आणि याखेरीज दुसरं महत्त्वाचं कारण नाही, असं संचालकाला लिहून द्यावं लागतं.

वाडियांनी राजीनामा दिला नाही. त्यांनी रतन टाटा आणि टाटा सन्सच्या संचालकांवर मुंबईत फौजदारी बदनामीची तक्रार केली, शिवाय तीन हजार कोटींचा दिवाणी दावा लावला. डिसेंबर २०१८ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी नोटिसा काढल्या, जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. वाडिया सर्वोच्च न्यायालयात गेले. १३ जानेवारी २०२० रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठासमोर टाटांच्या बाजूने सांगण्यात आलं की बदनामीचा हेतू नव्हता. वाडियांनी ते मान्य करून दोन्ही दावे मागे घेतले. संचालकपदाचा प्रश्न त्या न्यायालयासमोर नव्हताच.